जांबोटीच्या शेताला सेमी-ऑटो शॉटगन: कुठली घ्यावी, की घेऊच नये?

प्रश्न असा आहे: कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीजवळ शेती, भात, ऊस आणि रताळी. रानडुकरं रात्रीत वाफेच्या वाफे उकरून टाकतात. घरची जुनी डबल बॅरल जड वाटते. भाचा अमेरिकेत असतो, तिथं त्यानं सेमी-ऑटो (एक बार झाला की पुढचं काडतूस आपोआप भरणारी) पाहिली, हलकी आणि भरवशाची आहे म्हणाला. तर राखणीला आणि शिकारीला चालेल अशी अडीच-तीन किलोची सेमी-ऑटो कुठली?

सरळ सांगतो. ती बंदूक तुम्हाला इथं मिळणार नाही, आणि मिळाली असती तरी तुमच्या कामाला मी ती पहिल्यांदा सुचवली नसती. दोन्हींची कारणं वेगवेगळी आहेत.

आधी कायदा, कारण पैसे इथंच बुडतात. शस्त्र नियम २०१६ मध्ये सेमी-ऑटोमॅटिक बंदुका श्रेणी १ (ब) मध्ये आहेत. २० इंचांपेक्षा आखूड नळीची बारा बोअरही (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) त्याच रांगेत. या श्रेणीचा परवाना डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीतून मिळत नाही, तो केंद्रीय गृह मंत्रालयाचा विषय आहे आणि शेतराखणीसाठी तो मिळण्याची आशा धरू नका. ट्रॅप-स्कीटचे (उडत्या चकत्यांवर नेम धरायचा खेळ) नावाजलेले नेमबाज हा अपवाद, पण त्यांचा रस्ता वेगळा. म्हणून कुणी ‘जुनी ब्राउनिंग ऑटोमॅटिक आहे, नावावर करून देतो’ म्हणालं तर बयाणा देण्याआधी त्याचा परवाना वाचा. कुठल्या श्रेणीत नोंद आहे ते बघा. पंप ॲक्शन मात्र चालते, कारण प्रत्येक बार झाल्यावर हातानं फोरएंड (नळीखालचा धरायचा भाग) मागं-पुढं ओढावा लागतो, ती आपोआप भरत नाही.

‘शिकार’ हा शब्द अर्जात चुकूनही लिहू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ९ नं शिकार बंद आहे. पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकरासाठी कलम ११ ची वाट आहे, पण त्याला मुख्य वन्यजीव वॉर्डन किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे, हे दोन वेगळे कागद. हुकमानं मारलेलं जनावरही कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता, ४८ तासांत कळवायचं. वाटे घालायचे नाहीत. गवा आणि मोर पहिल्या अनुसूचीतले, त्यांच्याकडे नळी वळवायचीच नाही.

तुमच्या भागाला आणखी एक गोष्ट लागू होते, जी फार थोड्यांना ठाऊक असते. २०११ मध्ये भीमगड अभयारण्य झालं. वन्यजीव कायद्याच्याच कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आतल्या परवानाधारकानं वनखात्याकडे नाव नोंदवायचं असतं, आणि त्या टापूत नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव वॉर्डनची आधी संमती लागते. अर्ज महिनोन्‌महिने अडकून पडण्याचं हे एक कारण असतं आणि खिडकीवरचा माणूस ते सांगेलच असं नाही. गावापासून अभयारण्याची हद्द किती, हे रेंज ऑफिसात विचारून लेखी घ्या, मग पुढची पायपीट.

परवान्याच्या बाजूनं पिकराखणीला कायद्याचा कल ठासणीच्या बंदुकीकडे आहे. शस्त्र कायदा १९५९, कलम १३: पिकराखणीसाठी ठासणीची, आणि ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. हे पटवायचं काम तुमचं. पहाणी पत्रक, नुकसानीचे फोटो तारखेसह, वनखात्याकडे भरपाईसाठी केलेल्या अर्जांच्या पोचपावत्या, हे सगळं एका फायलीत लावा. ‘आमच्याकडे डुकरं फार’ एवढ्यावर कुणी हलत नाही. घरची डबल बॅरल जर तुमच्याच परवान्यावर असेल तर यातलं बरंच काम झालेलं आहे, आणि मग प्रश्न फक्त वजनाचा उरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, हेही हिशेबात धरा.

आता सेमी-ऑटोबद्दल. भाचा खोटं बोलत नाही, फक्त त्याचं रान वेगळं आहे.

सेमी-ऑटोचे मुख्य प्रकार तीन. सगळ्यांत जुना ब्राउनिंगच्या ऑटो-५ चा. त्यात बार झाल्यावर नळी आणि बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा लोखंडी ठोकळा) दोन्ही मागं सरकतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची ही रचना, आणि आपल्याकडे जुन्या घरांतून ‘ऑटोमॅटिक’ म्हणून जी दिसते ती बहुधा हीच. तिच्यात मॅगझिनच्या नळीवर घर्षणाच्या कड्या असतात. हलक्या आणि भारी काडतुसांसाठी त्या वेगळ्या क्रमानं बसवायच्या. क्रम चुकला तर हलकं काडतूस फिरत नाही, किंवा भारी काडतुसानं नळी इतक्या जोरात मागं आदळते की पुढचा लाकडी फोरएंड चिरतो. जुन्या ऑटो-५ चे फोरएंड चिरलेले दिसतात त्याचं बऱ्याचदा हेच कारण.

दुसरा गॅसवर चालणारा. नळीला भोकं असतात, त्यातून थोडा वायू पिस्टनला ढकलतो. धक्का सौम्य लागतो, कारण तो थोड्या जास्त वेळात पसरतो. पण काजळी साठते, भोकं बुजतात, आणि काही मॉडेलांत एक छोटी रबरी रिंग असते, ती फाटली की बंदूक एकबारी झाली म्हणून समजा. बारा बोअरमध्ये यांचं वजन साधारण ३.१ ते ३.५ किलो, म्हणजे तुमच्या डबल बॅरलपेक्षा हलकी नाहीच.

तिसरा इनर्शियाचा, म्हणजे जडत्वावर चालणारा, बेनेली कंपनीनं गाजवलेला. नळीतून वायू घेत नाहीत. बोल्टच्या पोटात एक जाड स्प्रिंग असते. बंदूक मागं उसळते, बोल्टचं धूड जागेवर राहू बघतं, तेवढ्यात स्प्रिंग दबते आणि मग बोल्टला मागं फेकते. भाग कमी, काजळी कमी, वजन २.७ ते ३.१ किलो. भाच्यानं पाहिलेली बहुधा हीच जात. दोन अडचणी लक्षात घ्या. बंदूक मोकळेपणानं मागं उसळली तरच ती चालते. राखणीच्या माळ्यावर वाकडं बसून बार केला, किंवा बॅटरी-टॉर्चसारखं वजन चढवलं आणि काडतूस हलकं असलं, तर रिकामं टरफल अर्धवट अडकतं. दुसरी अडचण अशी की बोल्ट आवाज न करता हळू सोडला, किंवा बंदूक चालताना कशाला आदळली, तर बोल्टचं तोंड पूर्ण फिरून कुलूप लागत नाही. चाप ओढला की नुसतं ‘टक्’. अंधारात पंचवीस पावलांवर डुक्कर असताना तो ‘टक्’ फार महाग पडतो.

इथं काडतुसाचा मुद्दा येतो. तिकडे भाच्याला एकाच दुकानात दहा कंपन्यांची, वेगवेगळ्या ताकदीची काडतुसं मिळतात. आपल्याकडे मुख्यतः पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याचं शक्तिमान काडतूस, आणि दुकानात जे असेल ते. सेमी-ऑटो काडतुसाच्या ताकदीवर चालते, डबल बॅरल तुमच्या हातांवर. काडतूस थोडं सर्दावलं, तळाचं पितळ हिरवं पडलं, तर डबल बॅरलमध्ये एक बार फुकट जातो आणि दुसरी नळी तयार असते. सेमी-ऑटोत तेच काडतूस सगळा गाडा अडवतं. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात हा फरक छोटा नाही.

भाच्यासाठी एक ओळ: तो एच-१बी सारख्या व्हिसावर असेल तर अमेरिकेच्या कायद्यानं त्याला बंदूक जवळ बाळगायलाच मनाई आहे, तिथल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना हातात असेल तर मात्र अपवाद लागू होतो. आधी शिकार परवाना, मग बंदूक, आणि परवान्याची मुदत संपू द्यायची नाही. बंदूक सामानातून इकडे आणायचा विचार तर त्यानं मनातही आणू नये.

आता वजन. हलकी बंदूक म्हणजे चांगली बंदूक, हा समज निम्मा खरा. ग्रीनर या इंग्रज बंदूकवाल्याचा जुना ठोकताळा आजही उपयोगी पडतो: बंदुकीचं वजन छर्‍यांच्या वजनाच्या ९६ पट असावं. २८ ग्रॅमच्या काडतुसाला सुमारे २.७ किलो, ३२ ग्रॅमला ३.१, ३६ ग्रॅमला जवळपास ३.५. त्याहून हलकी घेतली तर धक्का खांदा सोसतो. तेच काडतूस ३.२ किलोच्या बंदुकीतून आणि २.७ किलोच्या बंदुकीतून मारलं तर धक्क्याची ऊर्जा १८-१९ टक्क्यांनी वाढते. दोन-तीन बारांनंतर माणूस नकळत डोळे मिटून चाप ओढायला लागतो. मग नेम खाली जातो आणि लोक छर्‍यांना दोष देतात.

तुमची बंदूक जड वाटते ती बहुतेक वजनानं नव्हे, तोलानं. नळ्या मिटून बंदूक एका बोटावर तोलून बघा. तोल बिजागरीच्या खिळीच्या आसपास असेल तर तीन किलोची बंदूकही हातात हलकी वाटते. तोल चार बोटं पुढं गेला असेल तर नळ्या जाड आहेत किंवा दस्ता हलका आहे. ३० किंवा ३२ इंची नळ्या असतील तर उसाच्या बांधावर त्या गैरसोयीच्याच, २६ ते २८ इंच पुरे. पण म्हणून नळी कापून घेऊ नका. चोक (नळीच्या तोंडाशी पसारा आवळणारा निमुळता भाग) जातो, तोल बिघडतो, आणि परवान्याशिवाय नळी आखूड करणं हाच थेट गुन्हा.

दस्त्याची लांबीही बघा. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत विलायती बंदुकांत ३६-३७ सेंटिमीटर असतात. आपल्याकडच्या मध्यम उंचीच्या माणसाला, वर थंडीतलं जाड घोंगडं किंवा रेनकोट, ३४-३५ पुरतात. लांब दस्ता काखेत अडकतो आणि बंदूक ‘जड’ वाटते. चांगल्या सुताराकडून, शक्यतो बंदुकीचं काम जाणणाऱ्याकडून, सेंटिमीटरभर दस्ता कमी करून मागं रबरी पॅड बसवलं तर अर्धी तक्रार तिथंच मिटते. नवीन बंदुकीच्या आधी हे करून बघा.

तरीही बदलायचीच असेल तर माझं मत: बारा बोअर, डबल बॅरल, हॅमरलेस (बाहेर घोडे नसलेली), ३ ते ३.२ किलो, ७० मिलिमीटर चेंबर (काडतूस बसायची जागा). वीस बोअर हलकी मिळते, पण काडतुसं शोधत फिरावं लागतं. सोळा बोअरचं तर विचारूच नका. शिवाय वीसचं काडतूस बाराच्या नळीत पडलं तर घरंगळत चेंबरपुढं जाऊन अडकतं, नळी रिकामी दिसते, माणूस मागून बाराचं भरतो आणि नळी फुटते. ज्या घरात बारा बोअर आहे तिथं वीसचं एकही काडतूस नको.

जुनी बंदूक बघायला जाताना सोबत स्वच्छ चिंधी, छोटी बॅटरी आणि दोन स्नॅप कॅप (तपासणीची नकली काडतुसं) न्या. फोरएंड काढा, नळ्या परत बसवून मिटा, दस्ता धरून नळ्या डाव्या-उजव्या हलवा. खुटखुट जाणवली तर बिजागर झिजलेली. उजेडासमोर धरून नळ्यांचा मागचा भाग आणि तो ज्याला टेकतो ती बंदुकीची लोखंडी पाठ यांत फट दिसते का बघा, कागदाची कडा शिरली तरी सोडून द्या. मग नुसत्या नळ्या हुकावर टांगून बोटाच्या पेरानं हळू टिचकी मारा. घंटेसारखा खणखणीत आवाज यायला हवा. बद्द आवाज म्हणजे मधली पट्टी सुटलेली, तिच्याखाली पाणी साचून गंज आतून खातो. नळीतून आकाशाकडे बघताना उजेडाची वर्तुळं सलग दिसली पाहिजेत. एखादी काळी कडी तुटक दिसली तर तिथं फुगवटा किंवा चेप आहे. चेंबरात गंजाचे खड्डे असतील तर टरफल फुगून चिकटणार, मग सुरीनं उचकटत बसा.

नळीवर लाकडासारखी नागमोडी नक्षी दिसली तर ती दमास्कस नळी. जुन्या काळ्या दारूसाठी केलेली. कितीही देखणी असली तरी आजचं काडतूस त्यात घालायचं नाही, भिंतीवर शोभेल. इंग्लिश बंदुकीवर चेंबरची लांबी ठोकलेली असते, २½ इंच म्हणजे ६५ मिलिमीटर. ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरात सहज बसतं, हाच धोका. बार होताना काडतुसाच्या तोंडाची घडी उघडायला जागा पुरत नाही, दाब वाढतो. काडतुसाच्या डब्यावर लांबी छापलेली असते, ती वाचायची सवय लावा.

चाप तपासायला स्नॅप कॅप घालून सेफ्टी पुढं करा, म्हणजे सोडा, आणि दस्त्याचं टोक रबरी चटईवर दणकन आपटा. घोडा आपोआप पडला तर ती बंदूक फुकटही नको. बऱ्याच डबल बॅरलांची सेफ्टी फक्त चाप अडवते, घोडा नाही. म्हणून बांध ओलांडताना, माळ्यावर चढताना नळ्या उघडून काडतुसं हातात. सेफ्टीवर विश्वास ठेवून शिडी चढणारे बरेच पाहायला मिळतात, बंदूक वर ओढून घेताना नळी आपल्याच छातीकडे असते.

पंप ॲक्शन वाईट नाही. पण ती सवयीची बंदूक आहे. घाबरलेला हात फोरएंड अर्धाच ओढतो, टरफल निघत नाही, आणि वर्षातून चार बार करणाऱ्याला ही सवय लागत नाही. ज्याला नियमित सराव करायला मिळतो त्यानं घ्यावी. वजनात ती बहुधा तुमच्या डबल बॅरलइतकीच भरेल.

काडतुसांत राखणीसाठी लोक एलजी मागतात. एलजी, एसजी ही मोठ्या छऱ्यांच्या मापांची नावं. एलजीचा छर्रा सुमारे ९ मिलिमीटरचा, एसजी ८.४ चा. दाण्यांची संख्या कमी, म्हणून पसारा विरळ. एकाच चोकमधून दोन बंदुका वेगळा पसारा देतात, तेव्हा तुमच्या परवान्यावर सरावाची मुभा असेल आणि जागा सुरक्षित असेल तर २५ मीटरवर मोठा कागद लावून प्रत्येक नळीचा एक बार मोजा. फुल चोकनं एलजी घट्ट पडेल असं नाही, कित्येकदा हाफ चोक बरा पसारा देतो. २५ मीटरवर कागदाच्या मधल्या ताटाएवढ्या जागेत निम्मेही दाणे नसतील तर ते त्या बंदुकीचं शेवटचं अंतर नव्हे, त्याच्याही पलीकडचं आहे.

आणि मागं काय आहे ते बघा. छर्रा किती लांब जाऊ शकतो याचा जुर्ने या फ्रेंच सेनाधिकाऱ्याचा हिशेब असा: इंचांतला व्यास गुणिले २२०० म्हणजे यार्ड. सहा नंबरचा बारीक छर्रा २०० मीटरवर थांबतो, एसजी साडेसहाशे मीटर जातो, एलजी सातशेच्या पुढं. उसाच्या फडात पलीकडे पाणी पाजणारा माणूस दिसत नाही, आणि रात्रपाळीची वीज आली की माणूस फडात असतोच. माळा उंच असावा म्हणजे नळी खाली झुकते आणि दाणे मातीत जातात. सपाट नळीनं फडाच्या दिशेनं बार करायचाच नाही.

सीमेची गोष्टही ध्यानात ठेवा. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. ‘कर्नाटक’ एवढंच लिहिलं असेल तर शिनोळीत, म्हणजे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, ती बंदूक विनापरवाना. बऱ्याच जणांची शेती दोन्हीकडे आहे, सासुरवाडी तिकडे आहे, गाडीत बंदूक तशीच राहते. तिकडचं शेत राखायचं असेल तर अखिल भारतीय मुभेसाठी स्वतंत्र अर्ज करा आणि शेरा पडेपर्यंत हद्द ओलांडू नका. डुक्कर मारायचा हुकूमही तसाच, कर्नाटक वनखात्याचा कागद महाराष्ट्रातल्या डुकराला लागू नाही. अभयारण्यात तर लेखी परवानगीशिवाय बंदूक घेऊन शिरणंच मना आहे, मग आडवाटेनं घर जवळ पडत असलं तरी लांबच्या रस्त्यानं जा.

पावसाळ्यातली निगा थोडक्यात. चामड्याच्या पिशवीत बंदूक ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि आठवड्यात नळीवर तांबूस ठिपके येतात. भिजून आलात तर फोरएंड काढून नळ्या सुट्या करा, नळीचं तोंड खाली करून उभ्या ठेवा, कोरडी चिंधी, मग पितळी ब्रश, मग पुन्हा चिंधी, आणि शेवटी तेलाचा नुसता हात. तेल जास्त झालं की ते दस्त्याच्या लाकडात उतरतं, लाकूड मऊ होतं आणि चिरतं. म्हणून पहिली रात्र बंदूक दस्ता वर, नळी खाली अशी टेकवून ठेवायची. काडतुसं चुलीच्या वरच्या फळीवर नकोत, घट्ट झाकणाच्या डब्यात कुलपाखाली. ज्यांचा तळ हिरवा पडला किंवा जे बोटानं चेंबरात सरकत नाही, ते बाजूला काढून दुकानदाराला परत दाखवा, ठोकून बसवू नका.